फुटाण्याचे दात आणि माझी खुरमी

कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला, असंच वाटतं मला. पण तुम्ही घरचेच आहात आणि चहाही अजून गरम आहे, तर सांगूनच टाकते. एवढंच करा, हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात तर माझा धीर सुटेल.

तर झालं असं, की मी एकदा साडेचार महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाचे दात डबीत घालून माणसांच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले होते.

हसलात ना? आत्ताच तर सांगितलं होतं! थांबा, पहिल्यापासून सांगते.

आमचं घर रायपूरला, तेलीबांध्याला, चौथ्या मजल्यावर. घेतलं तेव्हा खिडकीतून सगळा तलाव दिसायचा. आता समोर इमारत झाली, तेव्हा तिच्या बाजूनं एक निळा तुकडा दिसतो, तेवढाच आमचा. घरात आम्ही तिघं. मी, रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले आमचे हे, आणि मुलगी मुग्धा. मुग्धा नवा रायपुरात नोकरीला आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते हिंदीत. मी म्हणते, "मुग्धा, जेवून घे." ती म्हणते, "बस पाँच मिनट, आई." शाळेत गेल्यापासून हे असंच चाललंय. आता तिचं ते बोलणंही मला मराठीच वाटतं.

तिनं एके दिवशी टोपलीतून लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. दोन महिन्यांचं. भाजलेल्या चण्याच्या रंगाचं, पोट गोल, आणि जमिनीवर ठेवलं की तापल्या वाळूत टाकल्यासारखं टणाटण उडायचं. ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हा तं फुटाणा आहे!"

झालं. नाव ठरलं.

आता पिल्लू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? गोंडस तोंड, मऊ कान. बरोबर आहे. पण त्या गोंडस तोंडाच्या आत काय असतं, ते कोणी सांगत नाही. आत सुया असतात, सुया! कुरवाळायला हात पुढे केला की हात तोंडात. पाय पुढे केला की पाय. पूजेला बसले की पदर. माझ्या दोन्ही हातांवर असे ओरखडे, की भाजीवाली म्हणाली, "दीदी, बोराच्या झाडात शिरल्या होत्या का?"

मुग्धानं उपाय सांगितला. "आई, जब काटे तो ज़ोर से चिल्लाना और पीठ फेर लेना. वो समझ जाएगा कि खेल ख़त्म."

मी मनापासून केलं. तो चावला की "आई गंऽऽ" म्हणून ओरडायचं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी पाठ फिरवली की तो मागून पोटरीला धरायचा. त्याला वाटायचं, खेळ आत्ता कुठे सुरू झाला! शेजारच्या वहिनींनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "साहेब रिटायर झाल्यावर चिडचिडे झाले का हो?" त्यांना समजावता समजावता अर्धा तास गेला. ह्यांना मात्र आजवर सांगितलेलं नाही.

अशात मुग्धाला ऑफिसनं दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला पाठवायचं ठरवलं. तिची भिलाईची मैत्रीण आहे, श्रुती. तिच्याकडे बंगला, बाग आणि आधीचे दोन कुत्रे.

"आई, फुटाना को श्रुती के यहाँ छोड़ देती हूँ. उसको पता है पपी कैसे पालते हैं."

"अन् मले नाही माहीत? तुले कोणी पाळलं?"

"मैं सोफ़ा नहीं खाती थी, आई."

"माती खात होतीस! विचार बाबांना."

बाबांनी पेपर वर केला आणि त्यामागे गेले. शेवटी मुग्धा म्हणाली, "ठीक है, एक चान्स. पर कुछ भी गड़बड़ हुई ना, तो श्रुती आके ले जाएगी. और फिर वो वहीं रहेगा. बार-बार घर बदलना उसके लिए अच्छा नहीं है."

मी होकार दिला. का दिला, ते सांगू? मी पोळ्या लाटायला उभी राहिले की हा पोट्टा माझ्या डाव्या पावलावर हनुवटी टेकवून झोपायचा. कुठलीही पोळी तव्यावर असो, पाय हलवायची सोय नव्हती. मुंग्या यायच्या पायाला. पण मी हलवत नसे. अशा जिवाला भिलाईला कसं पाठवायचं, तुम्हीच सांगा.

मुग्धा गेली आणि फुटाण्याचं चावणं दुप्पट झालं. ह्यांच्या चपलेचा अंगठा गेला. झाडू अर्धा झाला. खुर्चीचे चारही पाय खालून टोकदार होत चालले. रिमोटवरचं आवाज कमी करायचं बटण त्यानं नेमकं तेवढंच उपटून खाल्लं, तेव्हापासून आमच्याकडे टीव्हीचा आवाज फक्त वाढतो. मी रोज रात्री मुग्धाला फोनवर सांगायची, "सगळं छान आहे." सांगताना टीव्ही बंद ठेवायची.

आणि मग आला पोळा.

पोळ्याला आमच्या विदर्भाकडच्या घरांतून पुरणपोळी असते. पण इथल्या घरांतून ठेठरी आणि खुरमी तळतात. ठेठरी बेसनाची, खारी. खुरमी कणकेची, गुळाची, तळून खरपूस केलेली. आमच्याकडे भांड्याला येते ती देवकी दरवर्षी डबा भरून आणते. या वर्षी मी म्हटलं, आपणच करू. देवकीनं नीट सांगितलं होतं, "दीदी, मोहन बने डालना, घी में कंजूसी मत करना." मी म्हटलं, या वयात एवढं तूप कशाला? मोहन घातलं निम्मं, आणि मळताना पाणी जरा जास्त झालं म्हणून वर कणीक घातली.

तळून काढली तेव्हा रंग असा सुरेख होता! परातीत टाकली तर आवाज आला खण्‌ खण्‌. तेव्हाच समजायला हवं होतं.

देवकीनं एक तोंडात घातली. जरा वेळ गालात फिरवली. मग बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दीदी, ये खुरमी नो हे, पथरा आय!"

पथरा म्हणजे दगड, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. ह्यांनी एक उचलून टेबलावर वाजवून पाहिली. खाल्ली नाही. म्हणाले, "ठेव डब्यात. कधी खिळा ठोकाचा असला तं कामात येईन."

डब्यात ठेवताना एक खाली पडली. फुटाण्यानं ती उचलली, दोन पंजांत धरली आणि कुरतडत बसला. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. तासभर पोरगं जागचं हललं नाही! खुर्चीला हात नाही, म्हणजे दात नाही, चपलेकडे पाहणं नाही. घर कसं शांत! मला माझ्या खुरमीचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

मग काय, रोज एक खुरमी. सकाळी दिली की माझा स्वयंपाक निर्वेध. मी मुग्धाला फोनवर सांगितलं, "आता तो काही चावत नाही."

"सच्ची? क्या किया तुमने?"

"अनुभव लागतो," मी म्हणाले.

आठवा दिवस. मी भात लावून बाहेर आले तर फुटाण्याच्या पुढ्यात अर्धी चघळलेली खुरमी, तिच्यावर लालसर डाग, आणि शेजारी तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी. उचलून पाहिलं. दात! त्याचं तोंड उघडलं तर समोर वरच्या ओळीत खिडकी.

काय केलं मी हे? पोराचा दात मोडला! तेही माझ्या हातच्या खाऊनं!

सगळी खुरमी पिशवीत भरून कचऱ्यात टाकली. पण दुसऱ्या दिवशी अजून एक दात पडला. तिसऱ्या दिवशी अजून एक. खुरमी बंद, तरी दात पडतच होते. आता जरा शांत डोक्यानं विचार केला असता तर तिथेच उलगडा झाला असता. पण मी काय विचार केला माहीत आहे? म्हटलं, मार आतून बसला आहे. सगळे दात खिळखिळे झाले आहेत आणि आता एकेक गळणार.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढंही कसं ठाऊक नव्हतं? अहो, आमच्या गल्लीत लहानपणी कुत्रे पुष्कळ होते, पण त्यांचे दात कोणी मोजले होते?

ते तिन्ही दात मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले. टाकवेनात. आपल्या हातून कपाचा कान तुटला तरी आपण तो लगेच फेकत नाही ना? वाटतं, चिकटेल कधी तरी. तसंच.

चौथा दात मला सापडला नाही. ह्यांना सापडला. तळपायाला.

"हे काय रुतलं वं माह्या पायाले?" ह्यांनी वाकून उचललं, उजेडात धरलं. "दात आहे!" आणि पहिला हात गेला स्वतःच्या तोंडाकडे. ह्यांना वरची कवळी आहे. ती जागेवर होती. मग माझ्याकडे पाहिलं. "कोणाचा?"

"फुटाण्याचा."

"अन् तुले इतक्या पटकन कसं समजलं?"

मी देवघरातून डबी आणून पुढे ठेवली. ह्यांनी उघडली. मोजले.

"हा धरून चार! काहून लपवून राहिली होती तू?"

"मुग्धाले समजलं तं ती त्याले भिलाईले पाठवन."

मला वाटलं, आता रागावतील. पण हे खाली बसले, फुटाण्याचं तोंड हळूच उघडलं, आतल्या खिडक्या पाहिल्या. मग म्हणाले, "तो गेल्यावर सकाळी पेपर कोण आणून देईन मले?"

"फाडून आणते ना तो पेपर."

"आणते तं!"

तेव्हा मला कळलं, की भिलाईची भीती या घरात मला एकटीलाच नाही.

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून गुन्हेगार. जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायची सोय नव्हती. तिथे फुटाण्याच्या कार्डावर मुग्धाचा नंबर. त्याला साधी लस टोचली तरी इकडे सुई निघायच्या आत तिकडे तिच्या मोबाइलवर मेसेज. ह्यांनी आपल्या मोबाइलवर शोधायचा प्रयत्न केला. 'कुत्ते का दाँत' असं टाकलं, तर जिकडे तिकडे एकच, जखम साबणानं धुवा आणि ताबडतोब इंजेक्शन घ्या. कुत्र्याचा दात आपल्याला लागला तर काय करायचं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. कुत्र्याचाच दात गेला तर काय करायचं, याची कोणाला पर्वा नाही!

फुटाण्याचं जेवण मऊ केलं. भात गुरगुट्या शिजवायचा, अंडं कुस्करायचं, आणि चमच्यानं भरवायचं. त्याला हे फार आवडलं. चमचाही आवडला. तो त्यानं वाकवला.

मुग्धाचा व्हिडिओ कॉल आला की खरी कसरत.

"फुटाना दिखाओ ना, बाबा."

ह्यांनी मोबाइल फिरवला.

"ये तो पूँछ है. मुँह दिखाओ."

"तो लाजून राहिला."

"कुत्ता शरमा रहा है?"

"जेवून राहिला," मी मागून म्हणाले.

"अभी तो शरमा रहा था!" तिचा आवाज बदलला. "आई, कुछ छुपा रहे हो तुम लोग. मैं श्रुती को बोलती हूँ, इस संडे को आके देख ले."

फोन ठेवला. रविवारला चार दिवस.

मला सुचलं ते असं. ह्यांची कवळी ज्यांनी केली ते ब्राह्मणपाऱ्यातले डॉक्टर. पिढ्यान्‌पिढ्या रायपूरचे मराठी, बोलायला गोड, हाताला हलके. म्हटलं, माणसाचे मोडलेले दात बसवतात, तर ह्याचे चार काय जड आहेत? निदान उरलेले तरी वाचवतील.

हे म्हणाले, "जा. पण कुत्र्याचं नाव काढू नको. काउंटरवरची पोट्टी दरवाजातूनच वापस करन."

खोटं बोलायला मला जमत नाही. लगेच घाम फुटतो. मी ठरवलं, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. फक्त 'कुत्रा' हा शब्द तेवढा गाळायचा. डॉक्टरांचा मूड पाहून शेवटी सांगायचं. आता यात काय चूक होती, सांगा.

डबी पर्समध्ये घातली आणि ऑटोनं ब्राह्मणपाऱ्यात पोचले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट का नाम?"

"फुटाणा."

"फुटाने," तिनं लिहिलं. "उम्र?"

"साढ़े चार."

तिनं पुढे आपल्या मनानं 'साल' लिहिलं. मी काही बोलले नाही. गाळायचं ठरलं होतं ना!

डॉक्टर चिठ्ठी पाहत म्हणाले, "या वहिनी. साहेबांची कवळी काय म्हणते?"

"ती छान आहे. मी आमच्या लहान्यासाठी आले." डॉक्टरांपुढे मी जरा पुस्तकातल्यासारखं बोलते.

"नातू का? वा! आणलं नाही त्याला? साडेचार वर्षांचा आहे ना?"

"महिन्यांचा."

"काय?"

"साडेचार महिन्यांचा."

डॉक्टर प्रेमानं हसले. "मग अजून दात यायला वेळ आहे, वहिनी. एखाद्याला उशिरा येतात. काळजी करू नका."

"आले होते हो. पडले."

"आले होते?"

"तोंड भरून होते. चार पडले. म्हणजे सापडले चार. बाकीचे त्यानं गिळले असतील."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कशानं पडले?"

इथे माझा बांध फुटला. "माझ्यामुळे पडले, डॉक्टरसाहेब. माझ्या खुरमीनं पडले."

"साडेचार महिन्यांच्या बाळाला तुम्ही खुरमी दिली?"

"रोज एक. त्याशिवाय शांत बसायचाच नाही. सगळ्यांना चावायचा. हे बघा माझे हात."

डॉक्टरांनी माझे हात पाहिले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग अगदी सावकाश विचारलं, "एरवी काय खातो तो?"

"भात, अंडं." खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून पुढे म्हणाले, "आणि ह्यांची चप्पल."

"वहिनी, बाळाची आई कुठे आहे?"

"त्याची आई? ती दुर्गला असते."

"दुर्गला? आणि बाळ तुमच्याकडे?"

"तिला एकदम सात झाले ना. ती तरी किती सांभाळणार? दोन महिन्यांचे झाल्यावर सगळे वाटून दिले."

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "वाटून दिले? कोणाला?"

"ज्यांना हवे होते त्यांना. आधीपासून सांगून ठेवलेलं असतं."

"आणि आत्ता, या क्षणी, तो कोणाजवळ आहे?"

"हे आहेत घरी. काळजी नाही. कोणी पाहुणे आले तर हे त्याला बाल्कनीत बांधून ठेवतील."

डॉक्टरांनी मोबाइल उचलला. तो गोड आवाज कुठच्या कुठे गेला. "तुम्ही इथेच बसा, वहिनी. उठू नका. मला एक फोन करावा लागेल."

"कोणाला?"

"लहान मुलांचे हाल होत असले तर त्यांना सोडवून नेणारी माणसं असतात, त्यांना."

सोडवून नेणारी! भिलाईपासून वाचवायला निघाले आणि इथे तर सरकारच यायला निघालं! मी घाईघाईनं पर्स उघडली, डबी काढली आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. "नेऊ नका हो त्याला! आधी हे तर बघा!"

त्यांनी डबी उघडली. चिमट्यानं एक दात उचलला, दिव्याखाली धरला, फिरवून पाहिला. दुसरा उचलला. तोही फिरवला. मोबाइल हळूच खाली ठेवला.

"वहिनी."

"हं?"

"या बाळाला शेपूट आहे का?"

"आहे," मी म्हणाले.

पुढची काही मिनिटं मी नुसती बसून होते, कारण डॉक्टर बोलण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला, माझ्याकडे पाहिलं आणि परत काढला. बाहेरची मुलगी धावत आत आली. तिला वाटलं, डॉक्टरांना काही झालं.

"दुधाचे दात आहेत हो हे!" शेवटी ते म्हणाले. "कुत्र्यालाही असतात. चार महिन्यांनंतर पडायला लागतात, मागून पक्के येतात. म्हणून तर हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ते चावतात. आमच्या घरी तीन कुत्रे झाले. तुमच्या मुग्धाचे नव्हते का पडले दात?"

"मग माझ्या खुरमीनं नाही मोडले?"

"खुरमीनं फार तर दोन दिवस लवकर पडले असतील. पण पुन्हा देऊ नका. इतकं कडक खाल्लं तर पक्का दात खरंच तुटतो. गार केलेलं गाजर द्या."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! उठून नमस्कार करून निघालेच होते, तर ते म्हणाले, "एवढ्या लांब आलाच आहात तर तुमचेही बघून टाकू. बसा खुर्चीत."

मी बसले. आ केला. आरशानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि उजवीकडे थांबले.

"वहिनी, ही दाढ कधीपासून ठणकते?"

"जरा जरा ठणकते खरी. पोळ्यापासून."

"उभी चीर गेली आहे तिला. पोळ्याला काय खाल्लं होतं?"

आता ते मी तुमच्यापासून कशाला लपवू? देवकी दगड म्हणाली म्हणून मला आला होता राग. सगळे गेल्यावर ओट्यापाशी उभी राहून, तिला खोटं ठरवायला, मी एक अख्खी खुरमी चावून खाल्ली होती. मग दुसरी. डॉक्टरांपुढे मात्र तोंडात आरसा होता, तेव्हा उत्तर द्यावं लागलं नाही. त्यांनीच ओळखलं.

"ही दुधाची नाही, वहिनी," ते म्हणाले. "ही काढावी लागेल. आणि हिच्या मागून दुसरी येणार नाही."

रविवारी श्रुती आली तेव्हा माझा उजवा गाल पुरणाच्या मुटक्यासारखा फुगलेला. तिनं फुटाण्याचं तोंड उघडलं आणि म्हणाली, "अरे वाह आंटी! इसके तो पक्के दाँत आ रहे हैं. कितना अच्छा रखा है आपने!" मग माझ्याकडे वळली. "पर आपको क्या हुआ?"

मला बोलता येत नव्हतं. ह्यांना येत होतं. ह्यांनी सगळं सांगितलं. डबीसकट, दुर्गसकट, शेपटीसकट! त्या पोरीनं तिथल्या तिथे मुग्धाला फोन लावला आणि दोघी मिळून इतक्या हसल्या, की फुटाणा घाबरून माझ्या मागे लपला.

हसणं सरल्यावर मी गाल धरून कसंबसं विचारलं, "मंग राहीन ना तो इथंच?"

"रहेगा, आई. इधर ही रहेगा," मुग्धा म्हणाली. "उसकी टेंशन नहीं है मुझे. वो एकदम फ़िट है. टेंशन तुम्हारी है. फ़ोन ज़रा फुटाना के सामने पकड़ो."

ह्यांनी मोबाइल त्याच्यापुढे धरला. या वेळी तोंडापुढे.

"फुटाना, सुन. आई को अकेला नहीं छोड़ना. कुछ भी उलटा-सीधा मुँह में डाले, तो ज़ोर से भौंकना. समझा?"

आता कुत्र्याला हिंदीतून सांगितलेलं एवढं कळतं का? मी म्हटलं, कशाचं कळतंय!

काल दुपारी देवकी गेल्यावर मी फळीवरचा डबा उतरवला आणि चिक्कीचा एक छोटासा तुकडा तोंडाकडे नेला. इवलासा. मागून आवाज आला, "भोंऽऽ!"

मी वळून पाहिलं. चारही पाय रोवून उभा, नजर माझ्या हातावर.

मी चिक्की परत डब्यात ठेवली. झाकण लावलं. तेव्हा कुठे त्यानं शेपूट हलवली आणि माझा हात चाटला. अगदी तसंच, जसं तो शहाण्यासारखा वागल्यावर मी त्याला कुरवाळते.

घ्या, आता हसा.